मुंबईचा भूकंप आणि वऱ्हाडची वाट

रात्रीच्या वेळीं बडनेऱ्याच्या किंवा अकोल्याच्या स्टेशनावर मुंबईकडे जाणारी गाडी येऊन थांबली, कीं वऱ्हाडचें सारें जीवन क्षणभर त्या फलाटावर एकवटतें. एका डब्यांत परळच्या टाटा रुग्णालयाचे कागद पिशवींत जपून धरलेला रोगी आपल्या भावाच्या आधारानें चढतो. दुसऱ्यांत परीक्षेसाठीं किंवा नोकरीच्या मुलाखतीसाठीं निघालेला तरुण असतो. तिसऱ्यांत मुलीच्या बाळंतपणास निघालेली आई असते आणि तिच्याजवळ डिंकाच्या लाडवांचा डबा असतो. अकोल्यापासून मुंबई लोहमार्गानें सुमारें ५८० किलोमीटर आणि बडनेऱ्यापासून सुमारें ६६० किलोमीटर दूर आहे. परंतु एका झोपेंत तें अंतर संपतें. आणि म्हणूनच तें अंतर आहे, याचाच लोकांस विसर पडतो.

ही वाट कापसानें घालून दिली. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास एकाएकीं सोन्याचें मोल आलें. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे थळ घाट चढून पूर्वेकडे सरकत होती. १८६७ सालीं ती नागपुरास पोहोंचली. बैलांच्या तांड्यांना ज्या प्रवासास कित्येक आठवडे लागत, तो प्रवास आतां दिवसांवर आला. तेव्हांपासून वऱ्हाडचें तोंड पश्चिमेकडे वळलें, तें आजपर्यंत तसेंच आहे. कापसाच्या गांठी, वरूड-मोर्शीचीं संत्रीं आणि शिकलेलीं मुलें या वाटेनें जातात. आणि औषधें, यंत्रें, तेल व महिन्याकाठीं घरीं पाठविलेले पैसे त्याच बाजूनें येतात.

अशा या धाग्याचें दुसरें टोंक ज्या समुद्रकांठच्या नगराला बांधलेलें आहे, तेथील भूमि एखाद्या पहाटे जोरानें हादरली तर काय होईल? आणि त्याचा हिशेब अकोला-अमरावतीच्या घरांनीं आधींच कां मांडावा?

प्रारंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भूकंप अमुक दिवशीं, अमुक वेळीं होईल असें सांगण्याची विद्या आजतागायत कोणासहि साधलेली नाहीं. तसें कोणी छातीठोकपणें सांगूं लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवूं नये. मात्र भूकंप झालाच तर काय मोडेल आणि कोठें अडेल, हें पुष्कळ अंशीं आधीं सांगतां येतें. आणि जें आधीं सांगतां येतें, त्याची तजवीजहि आधीं करतां येते. तेव्हां हा विषय भीतीचा नसून हिशेबाचा आहे.

दख्खनचें पठार काळ्या पाषाणाचें आहे, तें हलणार कसें, अशी एक समजूत महाराष्ट्रांत फार दिवस रूढ होती. तिला पहिला मोठा धक्का ११ डिसेंबर १९६७ रोजीं बसला. त्या दिवशीं पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनीं कोयनानगर हादरलें. तेथील वस्ती तर कोसळलीच. परंतु शेंकडों मैलांच्या टापूंत लोक अंथरुणांतून उठून बाहेर धावले. कोयनेचें वीजकेंद्र बंद पडलें आणि मुंबईचे अनेक कारखाने विजेअभावीं थांबले. मुंबईंतील कारखाना थांबण्यास मुंबईची भिंत पडावी लागत नाहीं, तिला जोडणारी एक तार तुटली तरी पुरते, हा धडा तेव्हांच मिळाला होता. दुसरा धक्का याहून भयंकर होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं, लातूर-उस्मानाबादकडील किल्लारी व आसपासचीं गांवें जमीनदोस्त झालीं आणि सुमारें आठ हजार माणसें दगामातीच्या भिंतींखालीं गेलीं. तो प्रदेश तोंवरच्या नकाशांत सर्वांत निर्धास्त विभागांत गणला जात होता.

मुंबईची गणना तशी निर्धास्त विभागांत नव्हती व नाहीं. २००२ सालीं देशाचा जो भूकंप-नकाशा सुधारण्यांत आला, त्यांत मुंबई मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागांत आहे आणि कोयनेचा परिसर त्याच्याहि वरच्या चौथ्या विभागांत आहे. पनवेलच्या बाजूस काळ्या दगडाचे थर समुद्राकडे वांकून उतरलेले आहेत, हें भूशास्त्रज्ञांनीं पाहिलें आहे. आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीचीं उन्हाळीं तर भाविकांनाहि ठाऊक आहेत. खोल भेगांवांचून ऊन पाणी वर येत नाहीं. यावरून उद्यांच भूकंप होईल असें म्हणतां येणार नाहीं. परंतु कधींच होणार नाहीं, असेंहि कोणास म्हणतां येणार नाहीं.

आतां नगराची ठेवण पाहावी. मुंबई हें मूळचें सात बेटांचें गांव. बेटांमधील खाड्या व दलदली भरून काढून एक सलग भूमि करण्यांत आली, आणि पुढें समुद्रहि ठिकठिकाणीं मागें सारण्यांत आला. उत्तरेकडील साष्टी हेंहि बेटच आहे. त्याच्या एका अंगास वसईची खाडी व दुसऱ्या अंगास ठाण्याची खाडी आहे. या रचनेचा अर्थ असा, कीं मुंबईंतून भूमीवर बाहेर पडणारी एकहि वाट अशी नाहीं, कीं जी कोठें तरी पाण्यावरून जात नाहीं. सुरतेकडे जाणारी रेल्वे व सडक वसईच्या खाडीवरून जातात. कल्याणकडे जाणारी रेल्वे ठाण्यापुढें खाडी ओलांडते. वाशीकडे जाणाऱ्या सडका व १९९२ चा रेल्वेपूल ठाण्याच्या खाडीवर उभे आहेत. आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झालेला सुमारें बावीस किलोमीटरांचा अटल सेतु तर बहुतांशीं समुद्रांतूनच जातो. घडा मोठा आणि गळा अरुंद, अशी ही स्थिति आहे. त्या गळ्यांतून बाहेर पडलें तरी पुढें सह्याद्रि आडवा उभा असतो. पुण्याकडे बोर घाट, आणि नाशिक, भुसावळ व वऱ्हाड यांकडे थळ, म्हणजेच कसारा घाट. या दोन्ही घाटांत रेल्वेचा चढ सदतिसांस एक इतका आहे, आणि गाडीला वर चढविण्यासाठीं मागून जादा इंजिनें लावावीं लागतात.

अशा ठेवणीच्या नगरावर भूकंपाचा आघात कसा होतो, हें जगांतील दुसऱ्या नगरांनीं भोगून दाखविलें आहे. तो आघात मुख्यतः तीन ठिकाणीं होतो.

पहिलें ठिकाण म्हणजे पूल. पूल बहुधा चिरडला जाऊन पडत नाहीं. त्याच्या तुळया खांबांवरील बैठकीवरून घसरून पडतात. फळीवर ठेवलेली पेटी फळी हालवितांच कडेला सरकते, तसाच हा प्रकार आहे. १७ ऑक्टोबर १९८९ रोजीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को व ओकलंड यांस जोडणाऱ्या मोठ्या पुलाचा सुमारें पन्नास फुटांचा एक तुकडा असाच निसटून खालीं पडला. एवढ्या अजस्त्र पुलांत तुटला तो हातभर भाग; पण तेवढ्यानें सारा पूल महिनाभर बंद राहिला. साखळीचें बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेंच असतें. भारतांत २६ जानेवारी २००१ च्या भूकंपांत कच्छास उर्वरित गुजरातेशीं जोडणाऱ्या सुरजबारीच्या पुलास इजा पोहोंचली, आणि ज्या घटकेस मदतीच्या गाड्या धावायला हव्या होत्या, नेमकी त्याच घटकेस वाट अडखळली.

दुसरें ठिकाण म्हणजे भरावाची भूमि. पाण्यानें भिजलेली रेताड माती जोरानें हालली, कीं तिचे कण एकमेकांस सोडतात, मधलें पाणी दाबानें वर येतें आणि घट्ट दिसणारी जमीन कांहीं क्षण पातळ चिखलासारखी वागते. ओल्या वाळूवर पाय आपटीत राहिलें म्हणजे पायाखालीं जें होतें, तेंच येथें मोठ्या प्रमाणावर होतें. जपानांतील कोबे हें बंदर या बाबतींत मुंबईनें डोळ्यांसमोर ठेवण्याजोगें आहे. तेंहि डोंगर व समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टींत वसलेलें आणि समुद्र बुजवून वाढलेलें नगर. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे तेथें भूकंप झाला. खांबांवरून जाणारा महामार्ग सहाशें मीटरांहून अधिक लांबीपर्यंत एका कुशीवर आडवा झाला. बंदराचे धक्के समुद्राकडे सरकले व याऱ्या कोलमडल्या. सहा हजारांहून अधिक माणसें मेलीं. जलद गतीची शिंकान्सेन रेल्वे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तेथून पूर्ववत् धावूं शकली नाहीं. बंदराची दुरुस्ती दोन वर्षांत झाली. परंतु त्या दोन वर्षांत जीं जहाजें कोरियाच्या पुसान बंदराकडे वळलीं, त्यांपैकीं पुष्कळ परत आलींच नाहींत. मोडलेला धक्का पुन्हां बांधतां येतो, पण मोडलेली वहिवाट पुन्हां बसविणें कठीण, हा व्यापाराचा धडा कापूस-बाजारांत आयुष्य काढलेल्या अकोल्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं.

तिसरें ठिकाण म्हणजे घाट. पावसाळ्यांत कसाऱ्यास व बोर घाटांत दरडी कोसळतात, हें प्रत्येक प्रवाशास ठाऊक आहे. भूकंपास पावसाळा लागत नाहीं. परंतु तो पावसाळ्यांतच आला, तर भिजून जड झालेले उतार एका वेळीं अनेक जागीं सुटतील. बोगद्यांची गोष्ट कांहींशी निराळी आहे. भोंवतालच्या खडकाबरोबरच हालणारा बोगदा उघड्यावरील पुलापेक्षां बहुधा अधिक टिकतो. मात्र त्याच्या तोंडाशीं दरड कोसळली, तर आंतील मजबुतीचा उपयोग होत नाहीं. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्गाचा इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. त्यांत कसाऱ्याचा डोंगर पोखरून सुमारें पावणेआठ किलोमीटरांचे जोडबोगदे काढले आहेत. वऱ्हाडच्या दृष्टीनें ही मोठीच जोड आहे. तरी हें विसरूं नये, कीं तो महामार्ग भिवंडीजवळ आमणें येथें संपतो; तेथून नगरांत शिरण्यासाठीं पुन्हां त्याच खाड्या ओलांडाव्या लागतात.

या तिन्ही गोष्टी एकाच वेळीं घडल्या तर काय होतें, याची रंगीत तालीम मुंबईनें एकदां पाहिली आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकलगाड्या जेथल्या तेथें उभ्या राहिल्या, सडका पाण्याखालीं गेल्या, दूरध्वनि मुके झाले, विमानतळ बंद पडला आणि घाटांत दरडी कोसळून लांब पल्ल्याच्या गाड्या कित्येक दिवस विस्कळीत झाल्या. लाखों माणसें रात्रभर पाण्यांतून चालत घरीं गेलीं. त्या रात्रीं वऱ्हाडांतील किती घरांत दूरध्वनीजवळ बसून उजाडलें असेल, त्याची गणती कोणी केली नाहीं. पण तो तर पाऊस होता. पाणी ओसरलें तेव्हां खालीं पूल होते व रूळ होते. भूकंपाचें पाणी असें ओसरत नाहीं.

ज्यांचे कोणी मुंबईंत नाहीं, त्यांनाहि या गोष्टीशीं कर्तव्य आहे. मुंबईच्या माहूल भागांत तेल शुद्ध करण्याचे कारखाने आहेत; तेथून तयार इंधन नळानें मनमाडपर्यंत येतें व पुढें अंतर्भागांत वांटलें जातें. उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरांतून उतरलेला माल पनवेल, कल्याण व कसारा घाट या वाटेनें वर येतो. मुंबईस वीज, तेल व धक्का या तिन्हींची एकदम वाण पडली, तर आठ दिवसांत तिचा परिणाम अमरावतीच्या औषधाच्या दुकानांत, अकोल्याच्या पेट्रोलपंपावर आणि वरूडच्या संत्र्याच्या बागेंत दिसूं लागेल. कापूस गोदामांत थांबूं शकतो. संत्रें थांबूं शकत नाहीं, आणि इन्शुलिनवर जगणारा रोगी तर मुळींच थांबूं शकत नाहीं.

याच्या उलट दिशेनें आणखी एक लोंढा येईल, तो माणसांचा. मुंबई संकटांत सांपडली कीं ती आंतल्या मुलुखाकडे धांव घेते, हें जुनें सत्य आहे. १८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिज्वराची सांथ आली, तेव्हां कांहीं महिन्यांत लाखों लोक रेल्वेनें व बोटींनीं शहर सोडून गेले. आणि त्यांच्याबरोबर सांथहि गांवोगांव गेली. २०२० सालीं टाळेबंदीच्या काळांत गाड्या बंद असतांना मुंबई-नाशिकच्या सडकेवर डोक्यावर बोचकीं व कडेवर मुलें घेऊन चालणाऱ्या मजुरांच्या रांगा साऱ्या देशानें पाहिल्या. भूकंपानंतर घरें गमावलेलीं माणसें अशींच पूर्वेकडे निघतील. आणि घाटापलीकडील नाशिक, जळगांव, अकोला व अमरावती यांस त्यांचा पहिला ओसरा व्हावें लागेल. समुद्रकांठच्या नगराच्या भूकंपांत अंतर्भागांतील शहर हें केवळ पाहणारें नसतें. तें त्या नगराचें मागचें दार असतें.

मग वऱ्हाडास दुसरी वाट आहे कीं नाहीं? सुदैवानें आहे. भुसावळ-जळगांवाहून तापीच्या खोऱ्यांतून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग सह्याद्रीचा घाट टाळून गुजरातच्या बंदरांशीं जोडून देतो. अकोल्याहून पूर्णा-नांदेडवरून दक्षिणेकडे रूंद मार्ग जातो. बडनेऱ्याहून नागपूर व तेथून पूर्वेस विशाखापट्टणपर्यंत आणि उत्तरेस इटारसीपर्यंत जातां येतें. सुरत-नागपूर राष्ट्रीय महामार्ग तर अकोला-अमरावतीच्या उंबऱ्यावरूनच जातो. ज्या घरास एकच दार, तें घर आगींत सांपडतें. वऱ्हाडास चार दारें आहेत. मात्र नेहमींच्या राबत्यांत नसलेलें दार ऐन वेळीं गंजलेलें निघतें. म्हणून औषधांचे घाऊक व्यापारी, रुग्णालयें, सरकी व संत्र्यांचे व्यापारी यांनीं आपला थोडा तरी व्यवहार या दुसऱ्या वाटांनीं चालूं ठेवणें शहाणपणाचें होय.

येथें वऱ्हाडनें आपल्या पायाखालीं पाहणेंहि अवश्य आहे. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशीं, गाविलगडाच्या रांगेला धरून, भूमींत एक लांब पुरातन भेग गेलेली आहे. मोर्शी तालुक्यांतील सालबर्डीचें ऊन पाणी त्याच डोंगराच्या कुशींतलें. १४ मार्च १९३८ रोजीं सातपुड्यांत झालेला भूकंप मध्य भारताच्या मोठ्या भागांत जाणवला. २०१८ च्या पावसाळ्यांत मेळघाटांतील धारणी तालुक्यांत सादराबाडीच्या लोकांनीं जमिनींतून येणारे आवाज ऐकले, सौम्य धक्के अनुभवले आणि भीतीनें रात्री घराबाहेर काढल्या. आणि डोंगराच्या पायथ्यापासून दक्षिणेस पूर्णेचें खोरें पसरलें आहे. अकोट, तेल्हारा, दर्यापूर या बाजूचा हा खारपाणपट्टा म्हणजे शेंकडों फूट खोल गाळ आहे. असा गाळ भूकंपाच्या लाटांस वाढवितो; पाटावर ठेवलेल्या परातींतील दही पाटापेक्षां अधिक हालतें, तसा. २००१ सालीं भुजच्या भूकंपाचें केंद्र दोनशें किलोमीटरांहून दूर असूनहि साबरमतीच्या गाळावर वसलेल्या अहमदाबादेंत अनेक बहुमजली इमारती पडल्या. त्यांतील पुष्कळांचा तळमजला मोटारी ठेवण्यासाठीं मोकळा सोडलेला होता आणि सारा भार नुसत्या खांबांवर तोललेला होता. अशाच इमारती आतां अकोल्यांत व अमरावतींतहि गल्लोगल्लीं उभ्या राहत आहेत. तेव्हां मुंबईच्या पुलांची चिंता करतांना आपल्या घराच्या खांबांकडेहि एकदां इंजिनिअरास घेऊन पाहावें, हें उचित.

उपाय नाहींत असें नाहीं. पुलाच्या तुळया निसटूं नयेत म्हणून बैठका रुंद करतां येतात, अटकाव बसवितां येतात, लोखंडी दोरांनीं तुळया एकमेकींस बांधतां येतात. हा खर्च नव्या पुलाच्या मानानें अल्प असतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानींतील पूल पुरांत वाहून गेला आणि त्याबरोबर चालत्या गाड्यांतील माणसें गेलीं. पूल जुना आहे, हें सर्वांस ठाऊक होतें. ठाऊक असणें आणि त्याप्रमाणें वागणें या दोहोंमध्यें जें अंतर असतें, त्यांतच माणसें बुडतात.

रेल्वेच्या बाबतींत जपाननें याहून सूक्ष्म युक्ति काढली आहे. भूकंपांत प्रथम वेगवान पण सौम्य लाट येते आणि मागाहून मंद पण विध्वंसक लाट येते. पहिली लाट किनाऱ्यावरील यंत्रांनीं टिपली, कीं गाड्यांची वीज आपोआप तोडली जाते आणि दुसरी लाट पोहोंचण्यापूर्वीं गाड्यांचा वेग उतरूं लागतो. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपांत ईशान्य जपानांत धांवत असलेल्या शिंकान्सेनच्या प्रवासी गाड्यांपैकीं एकहि रुळांवरून घसरली नाहीं. निसर्गानें दिलेले कांहीं सेकंदहि शहाण्यास पुरतात.

आणखी एक वाट समुद्रकांठच्या नगरास निसर्गतःच मिळालेली असते, ती म्हणजे खुद्द समुद्र. पाण्याला तडा जात नाहीं. १९८९ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोचा पूल बंद पडतांच खाडींत पुन्हां बोटी सुरू झाल्या आणि लोक कामावर जाऊं लागले. मुंबईंतहि भाऊच्या धक्क्यावरून पलीकडील रेवस व मोऱ्यास बोटी जातात. लहान बोटींना लागण्याजोगे मजबूत धक्के ठिकठिकाणीं राखले, तर जुना जलमार्ग नव्या पुलांचा जामीन होऊं शकेल.

हीं झालीं सरकारचीं कामें. घरांचीं कामें साधीं आहेत, पण तीं टाळलीं जातात तीं साधीं आहेत म्हणूनच. ज्या कुटुंबाचीं माणसें मुंबईंत विखुरलेलीं आहेत, त्यानें वऱ्हाडांतील एक घर निरोपाचें घर म्हणून ठरवावें. संकटकाळीं एकाच शहरांतील दूरध्वनि एकमेकांस लागत नाहींत, पण बाहेरगांवचा कित्येकदां लागतो. गोरेगांवचा मुलगा व डोंबिवलीची मुलगी यांनीं एकमेकांस शोधीत रस्तोरस्तीं हिंडण्याऐवजीं दोघांनीं अमरावतीस आईस अथवा काकांस दोन शब्दांचा लेखी निरोप धाडावा. मग सर्वांस सर्वांचें कुशल तेथूनच कळेल. तो क्रमांक केवळ यंत्रांत न ठेवतां कागदावर लिहून पाकिटांत ठेवावा, मुलांकडून पाठ करून घ्यावा. नित्य औषध घेणाऱ्यानें पंधरा दिवसांचा साठा शिल्लक ठेवावा. पाणी, बॅटरी व तिच्यावर चालणारा रेडिओ घरांत असावा. आणि भूकंपाची वार्ता ऐकतांच गाडी काढून मुंबईकडे धांवूं नये. उरलेली अरुंद वाट रुग्णवाहिकांची, पाण्याच्या टाक्यांची व खोदकाम करणाऱ्या यंत्रांची असते. त्या वाटेवर मायेनें काढलेली एक गाडीहि दुसऱ्या कोणाच्या मुलाची मदत अडवूं शकते. त्यापेक्षां आपल्या गांवाच्या स्टेशनावर उभें राहून येणाऱ्यांस पाणी, भाकरी व निवारा द्यावा. जो अकोल्याच्या फलाटावर परक्याच्या मुलास ओसरी देईल, त्याच्या मुलाला कसाऱ्यापलीकडे कोणी तरी ओसरी देईल, या विश्वासावरच समाज चालतो.

आजहि रात्रीं ती गाडी बडनेऱ्यास येईल, रोगी आपली पिशवी सांवरीत चढेल, आई लाडवांचा डबा बाकाखालीं सरकवील आणि गाडी पश्चिमेकडे निघून जाईल. तिनें तसेंच नित्य जावें. परंतु धागा कितीहि जुना व विश्वासाचा असला, तरी तो एकेरी ठेवूं नये. जें प्राणापलीकडे जपावयाचें, तें दुहेरी धाग्यानें शिवावें, हें वऱ्हाडांतल्या कोणत्याहि गृहिणीस सांगावें लागत नाहीं. तीच दृष्टि वाटांविषयीं ठेवली, तर भूमि हादरली तरी घरें एकमेकांपासून तुटणार नाहींत.